गोकाकची जलशक्ती पाण्याच्या मागोमाग चालत कशी पाहावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील आपल्यापैकी बहुतेकांनी पावसाळ्यात गोकाकचा धबधबा एकदा तरी पाहिलेला असतो. झुलत्या पुलाजवळ उभे राहून घटप्रभेचे तांबूस पाणी कोसळताना पाहायचे, तुषारांनी चिंब व्हायचे, भाजलेले कणीस खायचे आणि परतताना गोकाकचा करदंट घ्यायचा, असा हा ठरलेला प्रवास आहे. त्याच कड्याला लागून एकोणिसाव्या शतकापासून नदीचे पाणी कामाला लावणारी एक व्यवस्था, म्हणजे सूतगिरणी आणि तिचे वीजघर, उभी आहे. परंतु बहुतेक लोक तिच्याकडे पाठ करून छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. मुलांना घेऊन मी तेथे अनेकदा गेलो आहे आणि प्रत्येक वेळी मला याचे वाईट वाटले आहे. म्हणून ती व्यवस्था कशी पाहावी, कोणत्या क्रमाने पाहावी आणि तिच्यामागचे गणित स्वतः कसे करावे, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

गोकाकला जाताना एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी. धरण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उंच भिंत येते. गोकाकला तशी भिंत शोधू नये. पाण्यापासून शक्ती मिळवण्यासाठी भिंत लागत नाही, उंचीतला फरक लागतो. याच नदीवरच्या हिडकल धरणासारख्या ठिकाणी तो फरक माणसाने भिंत बांधून निर्माण केला आहे. गोकाकला तो नदीनेच वालुकाश्माचा कडा कोरून तयार करून ठेवला होता. माणसाने केले ते इतकेच की, कड्याच्या वर पाण्याचा काही भाग बाजूला वळवला, तो बंद नळातून खाली नेला आणि काम करून घेऊन पुन्हा नदीत सोडला. त्यामुळे तेथे पाहण्याची योग्य रीत म्हणजे पाणी नदीतून कोठे बाहेर पडते आणि कोठे परत येते, या दोन जागा आधी निश्चित करणे आणि मग त्यांच्यामधला मार्ग समजून घेणे.

दोन वेळा जावे

शक्य असल्यास एकाच वर्षात दोन फेऱ्या कराव्यात. पहिली फेरी जुलै ते सप्टेंबर या काळात करावी. तेव्हा धबधबा घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कड्यावरून पूर्ण रुंदीने पडतो. पुराच्या वेळी ही रुंदी सुमारे १७७ मीटर होते आणि पाण्याची झेप सुमारे ५२ मीटरची असते. नदीजवळ किती शक्ती आहे, हे या फेरीत कळते. ती शक्ती पकडण्याची व्यवस्था मात्र या दिवसांत नीट दिसत नाही, कारण पाणी, धुके आणि गर्दी यांत सगळे झाकून जाते. म्हणून दुसरी फेरी डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान करावी. तेव्हा कड्याचा खडक उघडा पडलेला असतो, पाण्याच्या दोन-चार धाराच उरलेल्या असतात आणि कोणते बांधकाम कशासाठी आहे, हे शांतपणे ओळखता येते. एकच फेरी शक्य असेल, तर मी हिवाळ्यातली निवडण्यास सांगेन. पुष्कळांना हा सल्ला पटत नाही, पण शिकण्याच्या दृष्टीने तोच बरोबर आहे.

बेळगावहून हे अंतर रस्त्याने साठ किलोमीटरच्या आसपास आहे, तर गोकाक शहरापासून धबधबा सहा-सात किलोमीटरवर आहे. रेल्वेने जायचे असल्यास बेळगाव-मिरज मार्गावरील गोकाक रोड किंवा घटप्रभा स्थानकावर उतरून पुढे जाता येते. सोबत वही, मोजपट्टी, सेकंद दाखवणारे घड्याळ आणि शक्य असल्यास लहान दुर्बीण घ्यावी.

सुरक्षिततेविषयी अगदी स्पष्ट लिहितो. कड्याच्या माथ्यावरचा खडक कोरडा दिसला तरी शेवाळामुळे निसरडा असतो आणि वरून सोडलेल्या पाण्यामुळे नदीची पातळी अचानक वाढू शकते. माथ्यावरच्या पात्रात उतरू नये. सुमारे २०० मीटर लांबीचा झुलता पूल पायी जाणाऱ्यांसाठी खुला आहे की बंद, याची त्या दिवशी तेथेच चौकशी करावी आणि बंद असेल तर अडसर ओलांडू नये. गिरणीची आणि वीजघराची जागा खासगी आहे. आत जायचे असल्यास व्यवस्थापनाला आधी लेखी विनंती करावी आणि परवानगी मिळाली नाही, तर बाहेरून जेवढे दिसते तेवढ्यावर समाधान मानावे. बाहेरूनही पुष्कळ कळते.

आधी नदी समजून घ्यावी

घटप्रभा सह्याद्रीत उगम पावते, चंदगड तालुक्यातून वाहत येऊन बेळगाव जिल्ह्यात शिरते आणि पुढे बागलकोट जिल्ह्यात कृष्णेला मिळते. आंबोलीजवळ उगम पावून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा प्रवास करणारी हिरण्यकेशी आणि बेळगावच्या बाजूने येणारी मार्कंडेय या तिच्या उपनद्या आहेत. म्हणजे गोकाकच्या कड्यावरून जे पाणी पडते, त्यातील मोठा भाग चंदगड-आजऱ्याच्या डोंगरात पडलेल्या पावसाचा असतो. गोकाक परिसर स्वतः कमी पावसाचा, ज्वारी-कापसाचा मुलूख आहे. गोकाकात ऊन असतानाही धबधबा भरून वाहताना दिसतो, त्याचे कारण हेच.

धबधब्यावर पोहोचण्यापूर्वी हे पाणी दोन मोठ्या बांधकामांतून गेलेले असते. सर्वांत वर हुक्केरी तालुक्यातील हिडकलचे धरण आहे. त्याच्या खाली, घटप्रभा गावाजवळ धुपदाळचा जुना दगडी बंधारा आहे. तो ब्रिटिश काळात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, कालव्यात पाणी वळवण्यासाठी बांधला गेला. गोकाकला जाताना थोडी वाट वाकडी करून धुपदाळ अवश्य पाहावा. तेथे कालवा नदीपासून वेगळा होतो, म्हणजे शेतीचे पाणी आधी निघून जाते आणि उरलेले पाणी धबधब्याकडे जाते. उन्हाळ्यात गोकाकचा धबधबा जवळजवळ आटतो, तेव्हा लोक “पाऊस कमी झाला” असे म्हणून मोकळे होतात; खरे तर हिडकलमधून किती पाणी सोडले आणि धुपदाळला त्यातले किती कालव्यात गेले, यावर ते बरेचसे अवलंबून असते.

पाण्याचा मार्ग

धबधब्यावर पोहोचल्यावर प्रथम कड्याच्या वरच्या अंगाला, सुरक्षित अंतरावरून, नदीच्या पात्राकडे पाहावे. पाणी एका काठाकडे वळवण्यासाठी केलेली अडवणूक आणि तेथून निघणारा पाट ही पहिली खूण होय. ही अडवणूक पाणी साठवण्यासाठी नसते. पाटाच्या तोंडाशी पाण्याची पातळी कायम राहावी एवढाच तिचा हेतू असतो. पूर आला की पाणी तिच्यावरून बिनदिक्कत जाते आणि तसे जावे हेच अपेक्षित असते.

पाटाच्या तोंडाशी अशा सर्व ठिकाणी दोन गोष्टी असतात: पाणी कमी-जास्त करणारी दारे आणि त्यांच्यापुढे लोखंडी गजांची जाळी. जाळी पाहायला मिळाली तर तिच्याकडे लक्ष द्यावे, कारण जलविद्युत केंद्रातील निम्मे कष्ट तिच्याशी निगडित असतात. पावसाळ्यात वाहून येणाऱ्या फांद्या, उसाचा पाला, जनावरांची प्रेते आणि आता प्लास्टिक, हे सगळे तेथे अडते. ती वेळच्या वेळी साफ केली नाही, तर जाळीच्या अलीकडे पाणी तुंबते, पलीकडे पातळी उतरते आणि तेवढी उंची वाया जाते. वाळूचा प्रश्न याहून कठीण आहे. जाळीतून निसटलेली बारीक वाळू टर्बाइनची, म्हणजे पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या चाकाची, पाती घासून काढते. म्हणून पाटात पाण्याचा वेग मंदावणारी, गाळ खाली बसू देणारी जागा ठेवावी लागते.

पुढचा टप्पा म्हणजे पाटातले उघडे पाणी बंद पोलादी नळात शिरते ती जागा. येथून पाण्याचे स्वरूप बदलते. उघड्या पाटात पाणी फक्त वाहते. बंद नळात मात्र वरच्या पाण्याचे सगळे वजन खालच्या टोकाशी दाब म्हणून उभे राहते. ५२ मीटर उंचीच्या पाण्याचा खालच्या टोकाशी दाब वातावरणाच्या दाबाच्या पाचपट असतो. एवढ्या दाबाने निघालेले पाणी टर्बाइन फिरवते आणि टर्बाइनच्या दांड्याला जोडलेले जनित्र वीज तयार करते. या उंचीला साधारणतः फ्रान्सिस जातीची टर्बाइन वापरतात. तिच्यात पाणी बाजूंनी आत शिरते, पात्यांना फिरवते आणि मधून बाहेर पडते. वीजघर खाली घळीत असल्यामुळे तेथे उतरण्यासाठी रोपवेची सोय करण्यात आली. कड्याच्या माथ्यावर यंत्र ठेवले असते, तर उंचीचा काहीच उपयोग झाला नसता. यंत्र खालीच हवे आणि म्हणून माणसालाही खाली उतरणे भाग पडले.

शेवटी वीजघरातून बाहेर पडून नदीला मिळणारा पाट शोधावा. एकदा एका मुलीने मला विचारले होते, “गुरुजी, वीज काढून घेतल्यावर पाणी संपतं का?” हा प्रश्न मुळीच भाबडा नाही. पाणी संपत नाही, त्याचा एक थेंबही कमी होत नाही. फक्त त्याची उंची वापरली जाते. मात्र पाटाचे तोंड आणि ही परतीची जागा यांच्यामध्ये असलेल्या नदीच्या तुकड्याला, म्हणजेच खुद्द धबधब्याला, तेवढे पाणी मुकते. पावसाळ्यात हे जाणवत नाही, पण कोरड्या दिवसांत धबधबा आणि वीज यांच्यात पाण्याची वाटणी करावीच लागते.

उंची आणि प्रवाह यांचे गणित

ही पाहणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती या गणितासाठी. ते शाळेतील मुलांनाही जमते.

सूत्र असे आहे: किलोवॅटमधील शक्ती म्हणजे ९.८१ गुणिले प्रवाह, गुणिले उंची, गुणिले कार्यक्षमता. प्रवाह दर सेकंदाला किती घनमीटर यात घ्यावा आणि उंची मीटरमध्ये. गोकाकची ५२ मीटर उंची धरली, तर दर सेकंदाला १ घनमीटर पाण्यामागे ९.८१ × ५२, म्हणजे सुमारे ५१० किलोवॅट मिळतात. नळातील घर्षण, टर्बाइन आणि जनित्र यांत मिळून वीस टक्के गळती धरल्यास हाती सुमारे ४०० किलोवॅट येतात. प्रत्यक्ष केंद्रात उपयोगी पडणारी उंची धबधब्याच्या उंचीइतकीच नसते, कारण पाणी माथ्याच्या थोडे आधी उचललेले असते आणि खाली नदीची पातळी ऋतूप्रमाणे बदलते. तरीही अंदाजासाठी ५२ हा आकडा पुरेसा आहे.

उंचीचा पडताळा जागेवरच घेता येतो. पडणाऱ्या पाण्यातील एखादा ठळक पांढरा पुंजका नजरेत पकडावा आणि तो माथ्यावरून सुटल्यापासून तळाशी दिसेनासा होईपर्यंत किती सेकंद लागतात, ते मोजावे. निर्वात जागेत ५२ मीटर पडायला सुमारे ३.३ सेकंद लागतात. हवेच्या विरोधामुळे येथे त्याहून थोडे अधिक लागतात. मोबाइलवर चित्रफीत घेऊन ती सावकाश चालवली, तर मोजणी अधिक अचूक होते. मुलांना यात फार आनंद मिळतो.

प्रवाह मोजण्याचा सराव मात्र धबधब्यावर करू नये, तो आपल्या गावच्या उथळ पाटावर काठावरून करावा. काठाने सरळ १० मीटर अंतर आखावे आणि जोंधळ्याच्या सुक्या धाटाचा वीतभर तुकडा वरच्या खुणेच्या थोडा अलीकडे पाण्यात टाकावा. तो एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ किमान पाच वेळा मोजून सरासरी काढावी. समजा, १२.५ सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.८ मीटर झाला. तळाशी आणि कडेला पाणी हळू वाहते, म्हणून या वेगाला ०.८५ ने गुणावे; उत्तर ०.६८ येते. पाट २ मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल असेल, तर छेदाचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर होते आणि प्रवाह सेकंदाला ०.६८ घनमीटर, म्हणजे सुमारे २४ क्युसेक (सेकंदाला २४ घनफूट) ठरतो. आता हेच पाणी गोकाकच्या उंचीवरून खाली सोडले, अशी कल्पना करावी: ०.६८ × ४००, म्हणजे सुमारे २७० किलोवॅट. आपल्या शेताशेजारून मुकाट वाहणाऱ्या पाटात एवढे बळ आहे, पण त्याला पडायला उंची नाही, हे एकदा आकड्यांत पाहिले की गोकाकचा कडा गिरणीवाल्यांना का मोलाचा वाटला, हे वेगळे सांगावे लागत नाही.

उलट बाजूनेही हिशेब करावा. ५२ मीटरवरून उतरणाऱ्या पाण्यातून विजेचे एक युनिट मिळवायला सुमारे नऊ घनमीटर, म्हणजे नऊ हजार लिटर पाणी लागते. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घरासाठी नऊ लाख लिटर पाणी त्या नळातून उतरले पाहिजे. घरातला विनाकारण चालू असलेला पंखा बंद करायला मुले या आकड्यानंतर स्वतःहून उठतात, असा माझा अनुभव आहे.

पावसाळ्यात बेळगावच्या मराठी दैनिकांत हिडकलची पातळी आणि विसर्ग यांचे आकडे येतात. ते वाचण्यासाठी दोन गोष्टी पाठ असाव्यात. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, आणि सुमारे ११,६०० क्युसेक पाणी दिवसभर वाहिले, तर १ टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, होते. धबधब्यावरून १०,००० क्युसेक पाणी जात असेल, तर कागदावर त्याची शक्ती १४४ मेगावॅट भरते. हा आकडा वाचून “मग एवढी वीज का काढत नाहीत?” असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उत्तर असे की हे पाणी वर्षातले थोडेच आठवडे असते आणि त्या थोड्या आठवड्यांसाठी एवढे नळ आणि यंत्रे उभारणे परवडत नाही. साठा नसलेले केंद्र नदी देईल ते आणि नदी देईल तेव्हाच घेते.

१८८७ या वर्षाकडे कसे पाहावे

गोकाक येथे १८८७ मध्ये प्रथम वीज निर्माण झाली, असे पर्यटनाच्या माहितीत जवळजवळ सर्वत्र लिहिलेले असते आणि पुष्कळदा त्यापुढे “भारतातील पहिली” हे शब्दही जोडले जातात. आपल्या भागाचा अभिमान मलाही आहे, पण म्हणूनच हा दावा नीट तपासून मग सांगावा असे मला वाटते. तपासताना चार प्रश्न वेगळे ठेवावेत: पाण्याची शक्ती उद्योगासाठी कधी वापरली, जनित्र कधी फिरले, ती वीज स्वतःच्या कारखान्यापुरती होती की लोकांसाठी, आणि ती किती दूर नेली.

गोकाकच्या गिरणीमागील कंपनी १८८५ च्या सुमारास स्थापन झाली. तिचे नाव गोकाक वॉटर पॉवर अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी असे होते आणि त्या नावातच पाण्याची शक्ती हा शब्द आहे. त्या काळी पाणचक्कीची फिरती शक्ती दोर, पट्टे आणि लांब दांडे यांच्या साहाय्याने थेट यंत्रांपर्यंत नेण्याची रीतही प्रचलित होती. म्हणून पहिला प्रश्न आणि दुसरा प्रश्न यांची गल्लत होऊ देऊ नये. दार्जिलिंगजवळील सिद्रापोंगचे केंद्र नोव्हेंबर १८९७ मध्ये सुरू झाले आणि त्याची वीज शहराच्या दिव्यांसाठी होती. म्हणून देशातील जलविद्युतेचा आरंभ सामान्यतः तेथून मोजतात. कावेरीवरील शिवनसमुद्रचे केंद्र १९०२ मध्ये सुरू झाले आणि त्याची वीज सुमारे १५० किलोमीटरवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत गेली. टाटांचे खोपोलीचे केंद्र १९१५ मधले. या ओळीत गोकाकचे स्थान सर्वांत आधीचे आहे ते पहिल्या प्रश्नाच्या बाबतीत, आणि तेवढे सांगितले तरी ते पुरेसे मोठे आहे.

मुंबई इलाख्याच्या काळातील बेळगाव जिल्ह्याचा गॅझेटियर १८८४ मध्ये छापला गेला, म्हणजे गिरणी सुरू होण्यापूर्वी. मोठ्या ग्रंथालयात तो मिळाला, तर त्यातील धबधब्याचे वर्णन वहीत उतरवून न्यावे आणि जागेवर उभे राहून आजच्या दृश्याशी ताडून पाहावे. धबधब्याच्या काठची चालुक्यकालीन मंदिरेही याच फेरीत पाहावीत. गिरणी येण्याच्या कित्येक शतके आधी माणूस या कड्यापाशी येऊन थांबला होता, हे ती मंदिरे दाखवतात.

गिरणीतील लोकांशी बोलताना

गोकाक फॉल्स ही गिरणीभोवती वाढलेली वसाहत आहे आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या गिरणीत काम केलेली कुटुंबे राहतात. बोलणे बहुतेक कानडीत होते. मराठी समजणारेही भेटतात. तरी थोडे कानडी शब्द आपण शिकून जावे, म्हणजे समोरचा माणूस मोकळा होतो. पाण्याला नीरु, नदीला होळे, धरणाला अणेकट्टु, कालव्याला कालुवे आणि झुलत्या पुलाला तूगु सेतुवे म्हणतात. वयस्क माणसाला “अज्जा” म्हणून हाक मारावी आणि आधी त्यांच्या कामाची चौकशी करावी, वर्षांची नाही. तारीख माणूस विसरतो. भोंगा किती वाजता होत असे, पुराच्या रात्री जाळी कोण साफ करी, दिवाळीत यंत्रांची पूजा कशी होई, हे तो विसरत नाही. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहावीत आणि नाव लिहिण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

परतताना हिडकल

वेळ असल्यास परतीच्या वाटेवर हिडकल पाहावे, कारण तुलनेशिवाय गोकाक पुरते समजत नाही. घटप्रभेवरील या धरणाला राजा लखमगौडा यांचे नाव दिले आहे. सुमारे ५१ टीएमसी साठा, धरणाच्या पायथ्याशी ३२ मेगावॅटचे वीजघर आणि भरल्यावर २,१७५ फुटांची पाणीपातळी, हे त्याचे ठळक आकडे आहेत. गोकाकला उंची जवळजवळ स्थिर राहते आणि प्रवाह बदलतो. हिडकलला प्रवाह माणूस ठरवतो आणि जलाशय उतरत जाईल तसतशी उंची घटते. शिवाय तेथे पाणी सोडायचे ते मुख्यतः शेतीच्या गरजेप्रमाणे, आणि त्या पाण्यावर जाता-जाता वीज मिळते. वर दिलेल्या सूत्रात ऑक्टोबरची आणि मार्चची पातळी घालून पाहिली, तर हा फरक आपोआप उलगडतो.

साठ्याची किंमतही तेथेच दिसते. गोकाकच्या व्यवस्थेने कोणाचे गाव बुडवले नाही. हिडकलच्या पाण्याखाली वस्त्या आणि शेती गेली. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी खूप ओसरले की हुन्नूरचे बुडालेले विठ्ठल मंदिर उघडे पडते आणि लोक दर्शनाला चालत जातात. मे महिन्यात जाणार असाल, तर त्या दिवशीची जलाशयाची पातळी वर्तमानपत्रातून वहीत टिपून न्यावी, मंदिराच्या भिंतीवर उमटलेल्या पाण्याच्या रेषा पाहाव्यात, आणि चिखल वाळलेला आहे की नाही हे तेथील माणसांना विचारूनच पुढे पाऊल टाकावे.